हळदीच्या पट्टीचा जुना कोड एआयला वाचायला द्यायचा असेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्यांपुढे हे काम कधी ना कधी येतंच: हमालीचा किंवा तोलाईचा दर बदलला, आता तो कोडमध्ये कुठे कुठे धरलाय ते शोधा. मूळ लिहिणारा कधीच पुण्याला गेलेला, कागदपत्रं नाहीत, फायली तीनचारशे. मग कोणीतरी सगळं फोल्डर झिप करून एआयच्या चॅटमध्ये टाकतो. उत्तर झकास मराठीत येतं, पण पाच जागा सांगतं आणि सहावी राहते. आणि ती राहिलीय हे पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, घेऊन शेतकरी काउंटरवर आल्यावर कळतं.

दोष सगळा मॉडेलचा नसतो. ढिगातलं त्याने काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. म्हणून ढीग देऊ नका. ठरावीक प्रश्न विचारायची सोय द्या, आणि प्रत्येक उत्तरासोबत फायलीचं नाव व ओळ क्रमांक यायलाच हवा. यासाठी सध्या रुळलेला मार्ग म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी. अँथ्रोपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. आपण एक छोटा सर्व्हर लिहायचा, त्यात चारसहा साधनं ठेवायची, एआयचं अ‍ॅप ती साधनं बोलावतं. निरोपांची देवाणघेवाण जेसन-आरपीसी २.० या ठरलेल्या साच्यात होते. पायथॉनची तयार लायब्ररी घेतली तर सर्व्हर दोनशे ओळींच्या आसपास उरकतो. खरा वेळ त्याच्या आधीच्या तयारीत जातो.

आधी कोड नीट करा

चालू सर्व्हरवरच्या फोल्डरला हात लावू नका. वेगळी प्रत काढा. गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रामात, नसेल तर आधी तिथे घाला; नको असलेल्या फायली आधीच गिटइग्नोर या वगळायच्या यादीत लिहा. फायलींची यादी नेहमी ‘गिट एलएस-फाइल्स’ या कमांडने काढा, म्हणजे तिथे वगळलेले बाहेरच्या लायब्ररींचे ढिगारे, पीडीएफ, बॅकअप आपोआप गळतात. एक गोष्ट मात्र अनेकांना चकवते: जी फाइल एकदा कमिट झाली, म्हणजे गिटमध्ये नोंदली गेली, आणि नंतर गिटइग्नोरमध्ये टाकली, ती यादीत राहतेच. डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल बहुतेक वेळा अशीच निघते. ती काढून भागत नाही, इतिहासात ती असतेच. पासवर्ड बदला.

चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या एसक्यूएल फायली उघडून बघा. त्यात खऱ्या शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती सापडतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी ही माहिती आपली नाही, ग्राहकांची आहे. प्रतीतून पुसून टाका. ‘सर्व्हर आपल्याच मशीनवर आहे, मग कोड बाहेर कुठे जातोय?’ हा गैरसमजही इथेच काढून टाकलेला बरा. साधनाने परत केलेली प्रत्येक ओळ मॉडेलकडे जाते, आणि मॉडेल क्लाउडवर असेल तर ती ओळ इमारतीबाहेर गेली. दुकानदाराची लेखी परवानगी आधी घ्या.

हिशोबाचा अर्धा जीव स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच चालवतो अशा कोडच्या तुकड्यांत, असतो आणि त्या डेटाबेसात बसलेल्या असतात, फोल्डरमध्ये नाही. एआयला डेटाबेसची जोडणी देऊ नका. प्रत्येक प्रोसिजर वेगळ्या फायलीत उतरवा, टेबलांची रचनाही उतरवा. एसक्यूएल सर्व्हरच्या साधनातून काढलेली स्क्रिप्ट यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत जतन झाली, तर गिट तिला बायनरी, म्हणजे मजकूर नसलेली फाइल, समजतं आणि ‘गिट ग्रेप’ या शोधाच्या कमांडला त्यातलं काहीही सापडत नाही. ‘आयकॉन्व्ह’ या रूपांतराच्या कमांडने सगळं यूटीएफ-८ करून घ्या. जुन्या व्हीबी ६ च्या फायली मात्र विंडोज-१२५२ धरून बदला. त्या आधीच यूटीएफ-८ आहेत असं समजून जतन केल्या तर आतल्या जुन्या फाँटच्या अक्षरांचं कायमचं मातेरं होतं.

मराठीची गोम

इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये हा भाग नसतो, आणि आपल्याकडे शोध बहुतेक इथेच फसतो.

जुन्या प्रोग्रामात पडद्यावर ‘हमाली’ दिसतं, पण कोडमध्ये ते युनिकोड नसतं. त्या काळच्या मराठी फाँटसाठी वापरलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. ‘हमाली’ शोधलं की शून्य. नव्या भागात युनिकोड असतं, पण तिथेही ‘शेतकऱ्याची’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो: कुठे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, कुठे साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर). डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण नुक्त्याचा फरक मिटवतं, हा जोडकाचा फरक मिटवत नाही. त्यासाठी स्वतःचा एक नियम लिहावा लागतो: र, हलंत, जोडक दिसले की ऱ आणि हलंत करा. हा नियम शोधाच्या शब्दाला आणि मजकुराला, दोन्हीकडे लावा.

व्हेरिएबलांची तर कथाच वेगळी. ‘अडत’ हा शब्द रोमन लिपीत एकाने एका ‘ए’ने सुरू केलेला, दुसऱ्याने दोन ‘ए’ने, तिसऱ्याने ‘डी’नंतर ‘एच’ घालून. मॉडेल हुशार असलं तरी तिन्ही स्पेलिंग करून बघेलच असं नाही. उपाय साधा आहे. प्रतीच्या मुळाशी एक शब्दसूची फाइल ठेवा. एका ओळीत एक शब्द: पडद्यावरचा मराठी शब्द, जुन्या फाँटमधलं त्याचं रूप, कोडमधली सगळी स्पेलिंगं, आणि अर्धी ओळ अर्थ. पट्टी, हमाली, तोलाई, अडत, पोती, सौदा असे चाळीसपन्नास शब्द पुरतात. दुकानातल्या दिवाणजींना शेजारी बसवलं तर एका दुपारचं काम आहे. आमच्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फळ देणारी वस्तू हीच.

साधनं मोजकी ठेवा

‘फायलींची यादी’ हे पहिलं. ‘मजकूर शोध’ हे दुसरं. आत रिपग्रेप हा शोधाचा प्रोग्राम चालवा, निकाल पन्नासवर थांबवा. ‘व्याख्या दाखवा’ हे तिसरं: फंक्शनचं नाव दिलं की ते कुठे लिहिलंय. यासाठी कोड वाचून फंक्शनांच्या जागा टिपणारे सीटॅग्ज किंवा ट्री-सिटर. ‘वापर दाखवा’ हे चौथं: ते फंक्शन कोण कोण बोलावतं. यासाठी त्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड समजणारा लँग्वेज सर्व्हर जोडा. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवरच बऱ्याच कोड संपादकांतलं ‘व्याख्येकडे जा’ चालतं. जुन्या भाषेसाठी असा सर्व्हर हाताशी नसेल तर फंक्शन सुरू होणाऱ्या ओळी पॅटर्नने वेचून यादी करा, कामचलाऊ होते. ‘तुकडा वाचा’ हे पाचवं: फाइल, कुठून, कुठवर, एका वेळी दोनशे ओळींहून जास्त नाही. आणि सहावं ‘शब्दसूची’.

साधनांची नावं रोमन अक्षरांत, आकडे आणि अधोरेषा यांतच ठेवा, देवनागरी नावं बऱ्याच सेवा नाकारतात. वर्णन मराठीत चालतं. कोणतं साधन कधी वापरायचं हे मॉडेल त्या वर्णनावरूनच ठरवतं, म्हणून ‘कोड शोधतं’ एवढंच लिहू नका. ‘मराठी शब्द शोधण्याआधी शब्दसूची बघा; नेमकं फंक्शन माहीत असेल तर हे न वापरता व्याख्या दाखवा वापरा’ असं लिहा.

ओळ क्रमांकात घोटाळा ठरलेला. लँग्वेज सर्व्हर आणि ट्री-सिटर ओळी शून्यापासून मोजतात, सीटॅग्ज आणि संपादक एकपासून. बाहेर जाणारा प्रत्येक आकडा एकपासून करा. ओळीतली जागाही जुळत नाही: ‘हमाली’मध्ये पाच युनिकोड चिन्हं आहेत, ट्री-सिटर बाइट मोजतं म्हणून त्याला ती पंधरा दिसतात, लँग्वेज सर्व्हर सहसा यूटीएफ-१६ धरतो म्हणून त्याला पाच. मराठी टिप्पणी असलेल्या ओळीवर तुकडा मधूनच कापला जातोय असं दिसलं तर कारण हेच. रकाना परत करूच नका, पूर्ण ओळ द्या.

आता निकालाबद्दल. पन्नासवर कापलं असेल तर ‘१२७ पैकी ५०’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर मॉडेल पन्नास म्हणजेच सगळे समजेल. काही सापडलं नाही तर रिकामं उत्तर देऊ नका. ‘३४० फायली पाहिल्या, सापडलं नाही, बायनरी फायली वगळल्या’ असं सांगा. रिपग्रेप गिटइग्नोरमधल्या, लपवलेल्या आणि बायनरी फायली मुळातच सोडतो, ते माहीत नसलं तर ‘कोडमध्ये असं काही नाही’ हा निष्कर्ष कागदावर जातो. प्रत्येक निकालासोबत कमिटचा क्रमांकही द्या. कोड बदलला आणि सीटॅग्जची यादी जुनी राहिली की ओळी सरकतात आणि मॉडेल भलत्याच फंक्शनवर प्रवचन देतं. पुल झाल्यावर, म्हणजे नवा कोड प्रतीत ओढून घेतल्यावर, यादी आपोआप नव्याने बनेल अशी सोय करा.

‘वापर दाखवा’वर आंधळा विश्वास नको. व्हीबीमध्ये ‘कॉल-बाय-नेम’ने किंवा डेटाबेसातून वाचलेल्या नावाने फंक्शन चालवलं असेल तर लँग्वेज सर्व्हरला ते दिसत नाही. साधनाच्या उत्तरातच ‘नावाने बोलावलेले वापर यात नाहीत, मजकूर शोधही करा’ ही ओळ कायमची घाला.

दारं आणि कुलूप

एमसीपीत साधनावर ‘फक्त वाचन’ अशी खूण लावता येते, पण ती नुसती सूचना आहे, अडवणूक नाही. खरी अडवणूक ऑपरेटिंग सिस्टिमकडून: सर्व्हर वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा, त्याला प्रतीवर फक्त वाचायची परवानगी द्या, कंटेनर असेल तर फोल्डर वाचनापुरतंच जोडा आणि नेटवर्क बंद ठेवा. फाइलचा मार्ग आला की आधी त्याचा खरा, पूर्ण मार्ग काढा, मग तो प्रतीच्या आत आहे का ते तपासा. नुसते दोन टिंब असलेले मार्ग नाकारून चालत नाही, सिम्लिंकमधून, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फायलीतून, बाहेर जाता येतं. मनाला येईल ती कमांड चालवायचं साधन तर मुळीच देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. बाहेरून घेतलेल्या लायब्ररीच्या टिप्पणीत ‘अमुक फाइल वाच आणि तमुक पत्त्यावर पाठव’ असं लिहिलेलं असू शकतं, आणि मॉडेल ते सूचना म्हणून घेऊ शकतं. पाठवायला दारच नसेल तर ते हात चोळत बसेल.

सर्व्हर चालू होतो आणि लगेच तुटतो, ही तक्रार बहुतेक एकाच कारणाने येते. स्थानिक सर्व्हर स्टँडर्ड आउटपुटवरून बोलतो, आणि आपण तपासायला घातलेला एक ‘प्रिंट’ त्या जेसनमध्ये मिसळतो. नोंदी स्टँडर्ड एररवर किंवा फायलीत लिहा. विंडोजवर पायथॉनचं एन्कोडिंगही यूटीएफ-८ ठरवून द्या, नाहीतर पहिल्या मराठी ओळीलाच तो कोसळू शकतो.

कामाला लावण्याआधी

ज्यांची उत्तरं आधीच हाताने शोधून ठेवली आहेत असे आठदहा प्रश्न लिहा. ‘हमाली कुठे कुठे वजा होते?’ याचं उत्तर नोंदीचा पडदा, पट्टीची छपाई, पट्टी पुन्हा छापायचा पडदा, महिनाअखेरचा अहवाल आणि एक प्रोसिजर असं असेल, तर पाचही यायला हवीत, फाइल आणि ओळीसकट. एक प्रश्न मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या फंक्शनबद्दल टाका आणि ते ‘सापडलं नाही’ म्हणतंय का बघा. चुकलं तर मॉडेल बदलायच्या आधी साधनांच्या हाकांची नोंद वाचा. चुकीच्या शब्दाने शोधलं असेल तर शब्दसूचीत स्पेलिंग राहिलंय. निकाल कापला गेला आणि ते पुढे गेलं नाही तर उरलेले निकाल मागायची सोय नाही किंवा ती वर्णनात सांगितलेली नाही. फाइल सापडूनही उघडलीच नाही तर वर्णनात ‘उत्तर देण्याआधी तुकडा वाचा’ ही ओळ घाला आणि तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये पुन्हा विचारा. जुन्या चॅटमध्ये आधीचं चुकीचं उत्तर समोर असतं, त्यामुळे ते त्यालाच धरून बसण्याची शक्यता असते.