आधी दोर, मग फिल्टर

विदर्भात पायी भटकायला निघताना बाटल्या लागतात हे सांगायची गरज नाही. टोपी, टॉर्च, सुका खाऊ यांच्याही याद्या पुष्कळ आहेत, त्या तिकडे वाचा. हे फक्त पाण्याचं आहे, आणि तेही आपल्या इकडच्या पाण्याचं. पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांसाठी जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक पहाडातल्या वाहत्या ओढ्यांच्या भरवशावर असतं: वाकायचं, बाटली बुडवायची, फिल्टर लावायचा. विदर्भात फेब्रुवारी सरला की नाले आटतात. पाणी उरतं ते विहिरीत, आणि विहिरीत ते तीस-चाळीस फूट खाली असतं. म्हणून यादीतली पहिली वस्तू दोर. फिल्टर नंतर.

दोर साठ फुटांचा घ्या. चार-पाच मिलिमीटरचा, विणलेला. आठवडी बाजारात किंवा शेतीच्या दुकानात मिळतो आणि वजन पाव किलोच्या आसपास भरतं, तेव्हा 'जड होतो' ही सबब नको. गुळगुळीत नायलॉन ओल्या हातातून सरकतो आणि तळवा कापतो, म्हणून हातभर अंतराने गाठी मारून ठेवा, घरीच. विहिरीच्या काठावर उभं राहून गाठी मारायच्या नसतात.

दोराला बांधायचं काय, हाही प्रश्न आहे. प्लास्टिकची रिकामी बाटली पाण्यावर तरंगत राहते, कितीही हलवा, आत घोटभर पाणी जात नाही. कडीचा लहान स्टीलचा डबा घ्या, आणि त्याच्या काठाला एकाच बाजूने लिंबाएवढा दगड बांधा. डबा पाण्याला टेकला की त्या बाजूने कलतो, भरतो, आणि दोराला ओढ लागते. दगड नसेल तर दोराला आडवा झटका द्यावा लागतो. गावातली पोरगीसुद्धा हे सहज करते, आपल्याला जमेपर्यंत अंधार पडतो. हाच डबा पुढे चहाला चालतो, वेगळं भांडं नको.

मागच्या खेपेला माझ्याकडे फिल्टर होता, क्लोरीनच्या गोळ्या होत्या, रिकाम्या बाटल्या होत्या. दोर नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतातल्या विहिरीवर वाकून मी खालचं पाणी बघत होतो, तेव्हा बांधावरून म्हातारबा आले आणि म्हणाले, "दोर नाई आनला काय? मंग पानी का डोयानं पेता?" त्यांनी बैलाचा कासरा सोडून दिला. तो पुरला नाही, त्याला दुपट्ट्याची जोड द्यावी लागली. दर वेळी काठावर म्हातारबा भेटत नाहीत. दोर घ्या.

आता पाणी कुठलं घ्यायचं. आधी विचारा. गावात शिरल्याबरोबर हातपंप दिसला म्हणून दांडा मारत सुटू नका. लाल रंगाची खूण केलेली असेल तर ते पाणी प्यायचं नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड आहे. प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की दात, हाडं जातात. वाटसरूला दोन दिवसांत काही होत नाही, पण हे माहीत असावं: फ्लोराईड फिल्टरने जात नाही, गोळीने जात नाही, आणि उकळून तर पाणी आटतं नि फ्लोराईड दाट होतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचंही तसंच. अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय, आणि तिथल्या विहिरीचं खारं पाणी तुमच्या महागड्या फिल्टरमधून गेलं तरी खारंच राहतं. तो पट्टा ओलांडायचा असेल तर गोडं पाणी आधीच भरून घ्या, दुसरा इलाज नाही.

शेतातली विहीर फवारणीच्या दिवसांत नको. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर औषध मारतात, पंप विहिरीपाशीच भरतात, तिथेच धुतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विष काय दर्जाचं आहे ते त्यावरून समजा. फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेलं औषध अडवत नाही. विहिरीत मोटर सोडलेली असेल तर तिच्या पाइपला आणि वायरला हात लावू नका, दोरही त्यात गुंतू देऊ नका. कठडा नसेल तर काठावर आडवं पडून दोर सोडा, उभ्याने नाही. आणि जंगलात वनखात्याने बांधलेले पाणवठे जनावरांचे आहेत. संध्याकाळी तिथे अस्वल येतं, त्याला तुमचा डबा दिसत नाही, तुम्ही दिसता. मुळात व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही, ते आधी बघा.

नदीच्या वाळूत उकरलेला झिरा दिसला तर दिसायला पाणी आरशासारखं असतं. स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं वेगळं. पहिल्या पावसानंतर तर कुठल्याच उघड्या पाण्यावर विश्वास टाकू नका, वरची सगळी घाण वाहून खाली येते. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित पाण्याने कॉलऱ्याची साथ आली होती, माणसं गेली.

पाणी शुद्ध करायचा क्रम असा. आधी जुन्या लुगड्याचं सुती फडकं, चार घड्या. नारूच्या काळात यावरच भिस्त होती, कारण नारूची अळी वाहणारे सूक्ष्म किडे फडक्यात अडकतात. २००० साली देश नारूमुक्त ठरला. जंतू फडक्यातून आरपार जातात, पण गाळ थांबतो, आणि गाळ थांबला नाही तर फिल्टर पहिल्याच दिवशी तुंबतो. पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा, तासभर निवांत ठेवा, वरचं नितळ पाणी अलगद ओता. मग पोकळ तंतूंचा फिल्टर, ०.१ मायक्रॉनचा. त्यात जिवाणू आणि आमांशाचे परजीवी अडतात. कावीळ करणारे विषाणू त्याहून बारीक, ते निसटतात. म्हणून शेवटी क्लोरीनची गोळी किंवा थेंब, पाकिटावरच्या मापाने, आणि अर्धा तास थांबा. थांबा म्हणजे थांबा. गोळी टाकल्यावर झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरा, आट्यांमध्ये अडकलेलं कच्चं पाणीही धुतलं जातं. वासाचा कंटाळा येतो म्हणून लिंबू पिळायचं असेल तर अर्ध्या तासानंतर, आधी पिळलं तर लिंबू क्लोरीनलाच मारतं. गोळीने सगळंच मरतं असंही नाही, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी तिला दाद देत नाहीत, म्हणून फिल्टर आणि गोळी दोन्ही.

उकळणं सगळ्यात खात्रीचं, खळखळ उकळी एक मिनिट पुरे. पण उन्हाळ्यात जंगलात चूल पेटवू नका, वणवा लागतो आणि गुन्हाही दाखल होतो. अगदीच काही नसेल तर नितळ पाणी पारदर्शक बाटलीत सहा तास कडक उन्हात आडवं ठेवा. ऊन तरी आपल्याकडे भरपूर आहे.

वाहून नेण्याचं थोडक्यात. एक लिटर म्हणजे एक किलो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६ च्या वर जातो, तिथे चालताना तासाला पाऊण लिटर लागतं, रात्रीचं वेगळं. पाठीवरची, नळीने पाणी ओढायची पिशवी आणू नका. बाभळीचा एक काटा आणि पाठ ओली, शिवाय आत किती उरलं ते कळत नाही. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या घ्या, त्या वायूच्या दाबासाठी बनवलेल्या असतात, सहज फुटत नाहीत. फिल्टरचा आटा त्यांच्या तोंडाला बसतो का ते घरीच फिरवून बघा, आखूड तोंडाच्या बाटल्यांवर तो गळतो. कच्च्या पाण्याच्या बाटलीला लाल दोरा बांधा, ती कधीच तोंडाला लावायची नाही. बाटलीवर ओला मोजा चढवला की कोरड्या उन्हाळ्यात पाणी गार राहतं, पावसाळ्यात काही उपयोग नाही.

ओआरएसची पाकिटं, लिटरचं पाकीट एक लिटरला. अर्ध्या ग्लासात टाकू नका.

परत आल्यावर फिल्टर उलट्या बाजूने धुवा, वाळवा. गोळ्यांची मुदत बघा. दोर वाळवून सॅकमध्येच ठेवा, माळ्यावर नाही.