रसायनांच्या कारखान्यातील कामगाराने आपल्या कामाची नोंद कशी ठेवावी

फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली दाखवून दिले. या आजाराची अडचण अशी की, आज अंगावर उडालेल्या रसायनाचा परिणाम पंधरा-वीस वर्षांनी, ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा तर कधी चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो, कंपनी बंद पडलेली असते आणि कामगार गावी परतलेला असतो. म्हणून महाड, लोटे, तारापूर किंवा कुरकुंभ येथील रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः कंत्राटी कामगाराने, आपली नोंद आपणच ठेवावी.

सुरुवात साध्या दोनशेपानी वहीने करावी. पहिल्या पानावर कंपनीचे पूर्ण नाव, प्लॉट क्रमांक, ठेकेदाराचे नाव आणि कामावर लागल्याची तारीख लिहावी. पुढे प्रत्यक्ष काम लिहावे. ‘हेल्पर’ एवढेच लिहिले तर डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही. रिॲक्टरच्या मॅनहोलमधून गोणीतली पावडर ओतणे, सेंट्रिफ्यूज रिकामा करणे आणि टाकीत उतरून ती धुणे या तिन्ही कामांत शरीरात जाणारे रसायन आणि त्याचे प्रमाण वेगळे असते. ते काम आठवड्यातून किती दिवस आणि किती तास केले, मास्क कोणता मिळाला, हेही लिहावे. तोंडाला बांधलेला रुमाल बाष्प अडवत नाही; तेवढेच संरक्षण असेल तर तसेच नोंदवावे.

यानंतर रसायनाचे नाव शोधावे. प्लँटमध्ये मोबाइल नेण्यास बहुधा मनाई असते आणि ज्वालाग्राही बाष्प असलेल्या ठिकाणी ती योग्यच आहे. म्हणून पिंपावरचे लेबल हाताने उतरवून घ्यावे. व्यापारी नाव पुरवठादारागणिक बदलते, पण सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळख क्रमांक, बदलत नाही: बेन्झीनचा ७१-४३-२, बेन्झिडीनचा ९२-८७-५. लाल कडेच्या चौकोनात छातीवर चांदणी फुटल्यासारखी मानवाकृती दिसली, तर ती दीर्घकालीन गंभीर अपायाची खूण समजावी. त्याखाली ‘एच ३५०’ हा धोक्याचा सांकेतिक क्रमांक असेल तर त्याचा अर्थ कर्करोग होऊ शकतो, आणि ‘एच ३५१’ असेल तर तसा संशय आहे. लेबल फाटले असेल तर त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक लेखी मागावे आणि अर्जाची पोच घ्यावी. त्यातील सोळा भागांपैकी दुसरा (धोके), आठवा (बचावाची साधने) आणि अकरावा (शरीरावरील विषारी परिणाम) हे भाग आधी वाचावेत. हाताळत असलेल्या द्रव्याची माहिती मिळणे हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. ती नाकारल्यास औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

वैद्यकीय तपासणीच्या अहवालांच्या प्रती दरवर्षी मागून घ्याव्यात. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामावर लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तो आदेश असतानाही मी कामगाराला स्वतःची प्रत ठेवायला सांगतो, कारण पुढे भरपाई मागताना अमुक वर्षी अमुक विभागात आपणच होतो हे दाखवावे लागते. पगाराची स्लिप, गेटपास आणि ईएसआयचे कार्डही त्याच पिशवीत ठेवावे. पातळ कागदावरची छपाई उडून जाते, म्हणून स्लिपची झेरॉक्स काढावी.

डॉक्टरकडे जाताना वही बरोबर न्यावी आणि विचारण्याची वाट न पाहता पुढे करावी. बेन्झीनचे काम असेल तर रक्तातील पेशींच्या तपासणीबद्दल विचारावे, कारण त्याने रक्ताचा कर्करोग होतो. रंगांच्या रसायनांत काम केले असेल आणि लघवीतून एकदाही, अगदी वेदना न होता, रक्त गेले, तर ते आपोआप थांबले म्हणून स्वस्थ बसू नये. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण पुष्कळदा हेच असते. बिडी-सिगारेटची सवयही लपवू नये. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

कामाचे कपडे घरी धुवायला आणू नयेत. ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या त्यांच्या बायकांनाही मेसोथेलिओमा, म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग, झालेला आहे.

वही मात्र घरीच, रेशनकार्डाशेजारी ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावे. नोकरी सुटेल त्या दिवशी शेवटची तारीख लिहून, तोवरच्या तपासण्यांच्या प्रती घेऊनच गेटबाहेर पडावे.