कार्य प्रशिक्षणाची मुदतवाढ : सहाचे अकरा महिने करताना

महाराष्ट्रातील तरुणांना कार्यालयात किंवा उद्योगात प्रत्यक्ष काम शिकताना विद्यावेतन देणारी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली, ती सहा महिन्यांसाठी. 2025 मध्ये शासनाने ही मुदत अकरा महिन्यांपर्यंत नेली. विद्यावेतनाचे दरमहा दर तेच राहिले : बारावी पासला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधर वा पदव्युत्तरला 10,000 रुपये. म्हणजे पदवीधराच्या बाबतीत प्रश्न आणखी 50,000 रुपयांचा आहे, आणि पैसे अडतात ते बहुतेक वेळा कागदावरच्या तारखांपायी.

आधी तारखा पक्क्या करा. 17 सप्टेंबर 2024 ला रुजू झालेल्याचे सहा महिने 16 मार्च 2025 ला भरतात आणि खंड न पडल्यास अकरा महिने 16 ऑगस्टला. मध्ये आदेशाअभावी काही दिवस घरी बसावे लागले असेल, तर पुन्हा रुजू झाल्याची तारीख वेगळी नोंदवायला सांगा. त्या मधल्या दिवसांची हजेरी मागाहून भरून घेण्याचा मोह टाळा, पडताळणीत अख्खा महिना अडकेल. मुदतवाढीच्या आदेशात सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा हव्यात. नुसते 'पाच महिने मुदतवाढ' एवढेच लिहिलेले असेल तर पुढे वाद ठरलेला.

आस्थापनेला, म्हणजे तुम्ही काम शिकता त्या कार्यालयाला किंवा उद्योगाला, मुदतवाढीसाठी दिलेल्या अर्जात योजनेच्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, कामाचा विभाग, पहिल्या रुजूची तारीख आणि मागितलेला कालावधी लिहा. पहिला नियुक्ती आदेश जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

हजेरी दर महिन्याला आस्थापनेच्या लॉगिनमधूनच ऑनलाइन जाते. ते लॉगिन सांभाळणाऱ्या लिपिकाची बदली झाली की ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जात राहतो आणि सगळ्यांचेच विद्यावेतन थांबते. नंबर बदलून घेण्याचे काम आस्थापनेचे. तुम्ही फक्त मागे लागू शकता, तेवढे लागा. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजर राहिल्यास त्या महिन्याचे विद्यावेतन मिळत नाही, म्हणून परीक्षेची रजा दोन महिन्यांत विभागता आली तर पाहा.

आता बँक. 'आधार लिंक आहे' हे काउंटरवरचे उत्तर पुरेसे नाही. खात्याला आधार जोडलेले असणे आणि थेट लाभाच्या पैशासाठी तेच खाते निवडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची (थेट लाभासाठी आधारला कोणती बँक जोडली आहे त्याची) स्थिती उघडून बँकेचे नाव वाचा. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडताना आधारसाठी संमती दिली असेल, तर पैसे गुपचूप तिकडे जातात. पैसे आलेच नाहीत म्हणून महिनाभर खेटे घालणाऱ्याने आधी ते दुसरे पासबुक भरून आणावे.

हे विद्यावेतन आहे, पगार नव्हे. अकरा महिन्यांनी कायम नोकरीचा हक्क तयार होत नाही, मग तसे तोंडी आश्वासन कोणीही दिलेले असो.