चूक पुस्तकाची की माझी?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून अर्ध्या किमतीत आणलेले पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे पुस्तक मी २०२१ साली उघडले, तेव्हा त्यातील उदाहरणे पायथन २ ची आहेत आणि त्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या संगणकावरील पायथन ३ मध्ये प्रिंट या आज्ञेपुढे कंस हवेत हे इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्राम) स्वतःच सांगतो, त्यामुळे ती अडचण लगेच सुटली. मला अडकवले ते भागाकाराच्या चिन्हाने.

संख्येतील अंक मोजणारा तो छोटा प्रोग्राम होता: संख्या शून्य होईपर्यंत तिला दहाने भागायचे आणि दर फेरीला मोजणी एकने वाढवायची. १२३४ साठी उत्तर ४ हवे होते; माझे तीनशेच्या पुढे गेले. पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो, म्हणून १२३, १२, १, ० अशा चार फेऱ्यांत लूप थांबतो. पायथन ३ मध्ये तेच / चिन्ह १२३.४, १२.३४, १.२३४ असे अपूर्णांक देत राहते आणि संगणकाला मांडताच येणार नाही इतकी संख्या सूक्ष्म झाली, की मगच शून्य येते. पूर्णांकातच उत्तर हवे, म्हणून तिथे // लिहायला हवे होते. एररचा एकही संदेश नसल्यामुळे दोष माझ्याच टायपिंगचा असे समजून मी त्याच ओळी चार दिवस पुन्हा पुन्हा लिहिल्या आणि हे क्षेत्र आपले नाही, असे जवळजवळ ठरवून टाकले. तुमच्यावर अशी वेळ आली, तर तो निर्णय त्या दिवशी घेऊ नका.

एका सीनियरने मला चालणारा कोड पाठवला. उत्तर बरोबर आले आणि मूळ कारण मला आणखी आठवडाभर कळले नाही. तयार कोड हातात देणे ही मदत नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

आधी पुस्तकाची आवृत्ती आणि मुद्रणवर्ष पाहा, मग आपल्या संगणकावरील पायथनची आवृत्ती. शुद्धिपत्रही (पुस्तकातील चुकांची यादी) आपल्या पुस्तकाच्याच आवृत्तीचे घ्या, कारण पुढच्या मुद्रणात काही चुका सुधारलेल्या असतात आणि पृष्ठांक बदललेले असतात. तरीही उलगडा झाला नाही, तर प्रत्येक फेरीतील किंमत पडद्यावर छापून ती कागदावरच्या हिशोबाशी ताडून पाहा. एवढे केल्याशिवाय पुस्तकाला दोष देऊ नका. मी घाईने प्रकाशकाला कळवलेल्या पहिल्या तीन चुकांपैकी दोन माझ्याच होत्या.

खात्री झाली की मात्र संकोच न करता कळवा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्यासारखा काटेकोर लेखकही आपल्या पुस्तकातील चूक प्रथम दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचे बक्षीस देत आला आहे. पत्रात आवृत्ती, पृष्ठ, ओळ, अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर लिहा, आणि तीच नोंद पेन्सिलीने समासातही करा, कारण जुन्या बाजारातून ते पुस्तक उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल.