हवा न धरणारं जुनं पंप एअर पिस्तूल घरी कसं दुरुस्त करावं

पंप मारून हवा भरायचं जुनं एअर पिस्तूल बिघडतं, तेव्हा बहुतेक वेळा धातूचं काही मोडलेलं नसतं. पितळ आणि पोलाद दशकानुदशकं टिकतं. त्यांच्यामध्ये बसलेलं चामडं आणि रबर मात्र वाळतं, आकसतं, कडक पडतं आणि हवा निसटू लागते. दुरुस्ती म्हणजे मुख्यतः ही सीलं बदलणं. पण नेमकं कुठलं सील गेलंय हे पिस्तूल खोलण्याआधीच शोधा, कारण सुटे भाग टेबलावर मांडल्यावर गळती दाखवायला हवाच उरत नाही.

सगळ्यात आधी नळीत छर्रा अडकलेला नाही ना, ते सफाईची काडी आरपार घालून बघा. त्यानंतर सुरक्षित दिशेला नेम धरून ट्रिगर ओढा, म्हणजे आत उरलेली हवा निघून जाईल. हवा भरलेला व्हॉल्व्ह कधीही खोलू नका. स्क्रू सुटताक्षणी आतले भाग जोरात उडतात.

गळती ओळखा

पंपाच्या पिस्टनवर सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. नुसतं कोरडं पडलेलं सील कधी कधी एवढ्यानेच सुधारतं. दुसऱ्या दिवशी घोडा (ट्रिगर नव्हे, तर व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून हवा सोडणारा भाग) मागे ओढून तीन पंप मारा. घोडा ओढणं विसरू नका. अनेक मॉडेलमध्ये तो पुढे असला की व्हॉल्व्हची दांडी दाबलेली राहते आणि चांगला व्हॉल्व्हसुद्धा हवा धरत नाही.

पंपाचा दांडा चालवताना हाताला जोरच लागत नसेल, तर पिस्टनचा वॉशर गेलेला आहे. जोर लागतो, पण सोडल्यावर दांडा आपोआप उघडत राहतो, तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उलटा गळतोय. छर्रा भरायच्या जागी साबणाच्या पाण्याचा थेंब लावल्यावर बुडबुडे आले, तर हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ही तपासणी करताना बोट ट्रिगरपासून दूर आणि चेहरा नळीच्या रेषेबाहेर ठेवा. तपासणी झाली की सुरक्षित दिशेला ट्रिगर ओढून भरलेली हवा सोडून द्या.

खोलणं

खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापरा. सैल ड्रायव्हरने खाच बिघडली की जुन्या वस्तूची शोभा कायमची जाते. पिना पितळी सुंब्याने ठोका. अडकलेल्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून एक रात्र थांबा, पण जोडणीआधी ते पूर्ण पुसून काढा, कारण अशा स्प्रेमधल्या द्रावकाने काही सीलं फुगतात. प्रत्येक भाग काढताना फोटो घ्या आणि भाग त्याच क्रमाने कापडावर मांडा. व्हॉल्व्हची स्प्रिंग कुठल्या बाजूला होती हे नंतर हमखास आठवत नाही.

चामडी वॉशर

अनेक जुन्या पिस्तुलांत स्टोव्हच्या पंपात असतो तसाच वाटीच्या आकाराचा चामडी वॉशर असतो. तो फाटलेला नसेल तर एक-दोन दिवस तेलात भिजवा, कडा बोटांनी हलकेच बाहेर फाकवा आणि परत बसवा. फाटला असेल तर वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं चामडं घ्या. वाटीच्या भिंतीची उंची धरून थोडी मोठी चकती कापा, कोमट पाण्यात भिजवा आणि पंपाच्या नळीएवढ्या भोकात बोल्टने दाबून वाळू द्या. पाणी गरम नको, त्याने चामडं आकसून टणक होतं. वाळल्यावर कड सरळ कापून तेल पाजा. वाटीचं तोंड व्हॉल्व्हकडे हवं, म्हणजे दाब वाढेल तशी कड भिंतीला घट्ट चिकटते. आत सरकवताना पंपाच्या नळीतल्या फटीची धार कड कापू शकते. तिथे लाकडी काडीने कड आत दाबत, वॉशर सावकाश फिरवत पुढे न्या. घाई केली तर नवा वॉशर पहिल्याच मिनिटाला वाया जातो.

ओ-रिंग आणि व्हॉल्व्ह

जुन्या ओ-रिंगवरून (हवा अडवणारी रबराची गोल कडी) माप घेऊ नका, ती चपटी किंवा फुगलेली असते. ती बसते ती खाच मोजा. शोअर ए मापावर ७० कडकपणाची नायट्राइल रबराची रिंग बऱ्याच ठिकाणी चालते. सिलिकॉन रबराची रिंग मात्र नको, कारण सिलिकॉन तेलात ती फुगते.

व्हॉल्व्हची बैठक (व्हॉल्व्ह जिथे टेकून हवा अडवतो ती जागा) कापसाने पुसून भिंगाखाली बघा. बारीक ओरखडे असतील तर धातूचं पॉलिश लावून व्हॉल्व्ह बैठकीवर बोटांनी फिरवा आणि मग पॉलिशचा कणही राहणार नाही असं धुवा. बैठकीला सँडपेपर अजिबात लावू नका.

जोडणी आणि चाचणी

पिस्टनची दांडी लांबी बदलता येण्याजोगी असेल, तर दांडा पूर्ण मिटताना पिस्टन व्हॉल्व्हला जेमतेम टेकेल इतकी ठेवा. मध्ये फट राहिली तर प्रत्येक पंपातली थोडी हवा तिथेच अडकते आणि पिस्तूल अशक्त वाटतं.

आता छर्रा न भरता घोडा ओढून तीन पंप मारा, तासाभराने सुरक्षित दिशेला ट्रिगर ओढून हवा सोडा. आवाज जोरदार आला तर पाच पंप मारून रात्रभर ठेवा. बनवणाऱ्याने दिलेली पंपांची मर्यादा ओलांडू नका. १९७७ मध्ये आलेल्या क्रॉसमन १३७७ या पंप पिस्तुलाला ती १० आहे. सकाळी हवा गेलेली आढळली तर साबणाच्या थेंबाची तपासणी पुन्हा करा. बहुतेकदा बैठकीवर अडकलेला धागा किंवा कचरा सापडतो.