खाली गुंता होतोय? बॉबिनच्या स्क्रूला हात लावू नका, वरचा दोरा बघा

शिलाई मशीनवर शिवताना कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की लोक सरळ बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीचा) स्क्रू पिळतात. ही सवय आधी मोडा. खालच्या बाजूला दिसणारा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, कारण तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, तबकड्यांत नीट बसलेला नसतो.

सुई नवी घाला. सुती कापडाला 14 नंबर, जीन्सला 16.

आता वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, आणि ओवताना दाबाचा पाय वर ठेवा. पाय वर असताना तबकड्या उघडतात, खाली आला की मिटतात. पाय खाली ठेवून ओवलं तर दोरा तबकड्यांच्या कडेवरच राहतो. मग टेन्शनचा नंबर 2 वर ठेवा नाहीतर 8 वर, काही फरक पडत नाही. ओवल्यावर पाय खाली करून दोरा ओढा. सुई किंचित वाकेल इतका तो अडला पाहिजे. सुळकन आला तर पुन्हा ओवा. वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून दोरा निसटलाय का, तेही पाहा.

मग वर लाल, खाली पांढरा दोरा घेऊन, जे शिवायचंय त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारा. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे, सैल करा. खाली लाल दिसलं तर घट्ट करा. एका वेळी अर्धा नंबर, जास्त नाही.

एवढ्यानेही जमलं नाही, तरच बॉबिन केस बाहेर काढा. केसवरच्या, दोरा दाबून धरणाऱ्या पत्रीखाली साचलेला कचरा जाड कागदाच्या कोपऱ्याने काढा. टाचणी नको, पत्रीवर ओरखडा पडला की दोरा कायम तुटत राहतो. नंतर भरलेली केस दोऱ्याला लटकवून हलका झटका द्या. इंच-दोन इंच सरकून थांबली तर स्क्रूला हात लावायचं कारण नाही. आपोआप घसरत असेल तर पत्रीवरचा मोठा स्क्रू उजवीकडे फिरवा, झटक्यानेही हलत नसेल तर डावीकडे. फिरवायचा किती? घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच. खाली फडकं अंथरा, हा स्क्रू पडला की सापडत नाही. लहान स्क्रू पत्री धरून ठेवतो, त्याला छेडू नका.

शेवटची परीक्षा: उरेबी, म्हणजे कापडावर तिरकी, टीप मारून कापड जोरात ताणा. जो दोरा आधी तुटेल, तो जास्त घट्ट.