प्रश्न आणि वस्तू: गप्पांची संध्याकाळ भरवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली तेव्हा मला वर्गीकरण येत होतं, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची करणं येत होतं, ग्रंथालयाचं संगणकीकरण कसं करायचं तेही येत होतं. पंधरा अनोळखी माणसांना एका खोलीत बसवून बोलतं कसं करायचं, हे मात्र कुठल्याच पेपरला नव्हतं. ते मी नंतर चुका करत शिकले. आज नऊ वर्षं झाली, महिन्यातून एकदा आमची गप्पांची संध्याकाळ भरते. विषय तीनच: संस्कृती, ग्रंथालयं आणि तंत्रज्ञान. ग्रंथालयात नव्याने रुजू झालेली मुलं-मुली, कधी एखादा सॉफ्टवेअरवाला विचारतो की आम्हालाही असं काही सुरू करायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या संध्याकाळपासूनच सांगते, कारण ती फसली होती. 'डिजिटल युगातील वाचनसंस्कृती' असं नाव दिलं होतं. तीन वक्ते बोलावले, खुर्च्या ओळीत मांडल्या, प्रोजेक्टर लावला. वक्ते चांगले होते, तयारीने आले होते, आणि प्रत्येकाने ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त घेतली. प्रश्नांना सात मिनिटं उरली. मागच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा खाली घेतला. नंतर ते मला जिन्यात भेटले. म्हणाले, "वडिलांच्या हस्तलिखित वह्या आहेत घरी. त्यांचं काय करावं ते विचारायचं होतं. असू दे, पुढच्या वेळी विचारीन." पुढच्या वेळी ते आले नाहीत. त्या वह्यांचं पुढे काय झालं मला कळलं नाही, आणि त्याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणजे व्याख्यानं भरवू नका असं नाही. व्याख्यानाला माणूस ऐकायच्या तयारीने येतो, तिथे ओळीत खुर्च्याच हव्यात. पण तुम्हाला गप्पा हव्या असतील, तर मांडणी मुळापासून वेगळी लागते. हा प्रयोग जगात इतरांनी केलेला आहे, तो जरूर समजून घ्या. १९९२ साली पॅरिसमध्ये मार्क सोते या तत्त्वज्ञाने एका कॅफेत रविवारी सकाळी खुली चर्चा सुरू केली. विषय जमलेल्या लोकांकडूनच घ्यायचा आणि तिथेच बोलायला लागायचं. त्यावरून सुचून डंकन डॅलस यांनी १९९८ साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये विज्ञानासाठी तसाच कॅफे सुरू केला: जाणकाराने थोडा वेळ बोलायचं, बाकीचा वेळ सगळ्यांचा. मी लीड्सची पद्धत उचलली. जाणकाराला पंधरा मिनिटं, त्याहून एक मिनिटही जास्त नाही, आणि स्लाइड नाहीत. स्लाइड लागली की दिवे मंद होतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात, आणि मग ती खोली पुन्हा बोलती करता करता अर्धी संध्याकाळ जाते.

आता मुख्य गोष्ट. विषय ठरवू नका, प्रश्न ठरवा. 'ग्रंथालयांचं भवितव्य' हा विषय झाला. त्यावर लोक वर्तमानपत्रात वाचलेलं बोलतात. 'कपाटात जागा उरली नाही, तर कोणतं पुस्तक काढून टाकायचं आणि ते कोणी ठरवायचं?' हा प्रश्न झाला. यावर ग्रंथपाल बोलू शकतो, घरी दोनच फळ्या असलेला वाचकही बोलू शकतो, आणि दोघांनाही थांबून विचार करावा लागतो. माझी कसोटी एवढीच: काहीही न वाचता आलेल्या माणसाला स्वतःच्या जगण्यातून त्याचं उत्तर देता आलं पाहिजे, आणि तज्ज्ञाला त्याचं उत्तर तयार नसलं पाहिजे. 'वाचनसंस्कृती' म्हणण्याऐवजी 'तुम्ही शेवटचं पुस्तक कोणाच्या सांगण्यावरून वाचलंत?' असं विचारा. वीस मिनिटांत चर्चा मोबाइलवरच्या शिफारशींपर्यंत आपसूक पोचते. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' हा. परीक्षेला आपण तो पाठ करतो. आमच्याकडे त्याचा प्रश्न असा झाला: 'यंत्राने दोन सेकंदांत उत्तर दिलं. वाचलेल्या वेळाचं तुम्ही काय केलंत?' त्या संध्याकाळी लोकांना घरी पाठवणं जड गेलं.

प्रश्नाच्या जोडीला टेबलावर एक वस्तू ठेवा. हे मला फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यापासून एकही संध्याकाळ मी वस्तूशिवाय भरवलेली नाही.

एकदा जुन्या तालिका कपाटाचा एक ड्रॉवर आणून ठेवला होता. त्यात प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीचं कॅटलॉग कार्ड: साधारण साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरचं, खाली मधोमध गोल भोक, आणि त्या भोकांतून आरपार गेलेली सळई. खोलीतल्या निम्म्या लोकांनी असा ड्रॉवर कधी पाहिलेला नव्हता. अमेरिकेतल्या ओसीएलसी या संस्थेने तर २०१५ सालापर्यंत अशी कार्डं छापून ग्रंथालयांना पुरवली. एका प्रोग्रॅमर मुलाने सळई ओढून पाहिली, ती मागून अडकवलेली होती. तो म्हणाला, "म्हणजे वाचायला सगळ्यांना, बदलायला फक्त ग्रंथपालाला." शेजारी बसलेले निवृत्त ग्रंथपाल खूश झाले. त्यांनी ड्रॉवर पुढे ओढला आणि वरून दाखवला. काही कार्डांच्या कडा पांढऱ्या होत्या, काहींच्या मळून काळपट झालेल्या. "लोक काय शोधतात ते आम्हाला या मळावरून कळायचं," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "आमच्याकडे लॉग असतो. कोणी, कधी, काय शोधलं, सगळं." ग्रंथपाल जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मळावर कोणाचं नाव नसायचं."

त्यानंतर खोलीत कोणीच बोललं नाही. मला घाई झाली होती, पुढचा प्रश्न टाकावासा वाटत होता. टाकला नाही. मनात आकडे मोजत बसले. सतरापर्यंत पोचले तेव्हा खिडकीशी बसणाऱ्या बाई बोलू लागल्या. चार महिने त्या येत होत्या आणि चार महिन्यांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, की एकदा त्यांना एका आजाराबद्दल पुस्तक हवं होतं. पण देवघेवीच्या काउंटरवर ओळखीची व्यक्ती बसायची. म्हणून त्यांनी ते पुस्तक घरी नेलंच नाही. कपाटाशी उभ्या राहून, आठवडाभर, रोज थोडं थोडं वाचून संपवलं.

वाचकाची गोपनीयता हा मी परीक्षेत लिहिलेला मुद्दा होता. त्या संध्याकाळनंतर आमच्या ग्रंथालयाच्या प्रणालीत पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव त्या नोंदीशी किती दिवस जोडलेलं राहतं, हे मी पहिल्यांदा उघडून पाहिलं. ते कायमचं जोडलेलं राहत होतं. सेटिंग बदलून घ्यायला चार महिने लागले, पण बदललं. करिअरला याचा काय उपयोग असं तुम्ही विचारता ना, त्याला माझ्याकडे हे उत्तर आहे. काउंटरच्या अलीकडे बसून जे दिसत नाही, ते या खोलीत दिसतं.

अशा गोष्टी बोलल्या जाणार असतील, तर त्या खोलीबाहेर कशा जातील याचा नियम आधी लागतो. आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या चॅटहॅम हाउस या संस्थेने १९२७ साली केलेला नियम मी जसाच्या तसा वापरते: इथे ऐकलेली माहिती खुशाल वापरा, पण कोण म्हणालं ते सांगू नका. वर या बाईंबद्दल लिहिलं, तेही त्यांना विचारून आणि ओळख पटू नये असं. नियम दर वेळी, सुरुवातीलाच, मोठ्याने सांगायचा. नवीन माणूस असो वा नसो. रेकॉर्डिंग आम्ही करत नाही. एकदा केलं होतं, सगळ्यांची परवानगी घेऊन. सगळे जण पुस्तकी मराठीत बोलले. पुन्हा केलं नाही.

शांतता सहन करणं हे यजमानाचं सगळ्यात अवघड काम आहे. नवख्याला वाटतं की खोली गप्प झाली म्हणजे आपण कमी पडलो, आणि तो तोंड उघडतो. थांबा. गप्प बसलेली माणसं बऱ्याचदा वाक्य जुळवत असतात. दुसरं अवघड काम म्हणजे न थांबणारा माणूस. तो प्रत्येक ठिकाणी असतो आणि बहुतेक वेळा तो मनापासून आलेला असतो, म्हणून त्याचा अपमान करून चालत नाही. त्याने श्वास घेतला की त्याच्याच शेवटच्या मुद्द्याला धरून दुसऱ्याकडे वळायचं: "हे तुम्ही म्हणालात ते महत्त्वाचं आहे. ताई, तुमच्याकडे याच्या उलट अनुभव आहे का?" दोनदा असं करूनही जमलं नाही, तर पुढच्या वेळी त्याला टिपणं काढायचं काम द्या. लिहिणारा माणूस ऐकू लागतो. हे मी अनेकांवर करून पाहिलं आहे आणि त्यातले दोघे आज आमचे उत्तम टिपणकार आहेत.

तज्ज्ञाची अडचण निराळी. त्याला सगळं सांगायचं असतं. त्याला आदल्या आठवड्यात फोन करून एकच विनंती करते: "तुम्हाला स्वतःला जे कोडं सुटलेलं नाही, तेवढंच सांगा." चांगला माणूस यावर लगेच खुलतो.

तंत्रज्ञानाच्या संध्याकाळी एक धोका नक्की येतो. लोक आपापले मोबाइल पुढे करतात आणि चर्चेचं दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांची गरज खरी असते, तिला झिडकारू नये. म्हणून आम्ही मुख्य गप्पांच्या आधी अर्धा तास फक्त त्यासाठी ठेवला आहे. त्या अर्ध्या तासातूनच एक उत्तम संध्याकाळ निघाली. एकीने आजोबांच्या लेखांची फाइल आणली होती, उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. सगळ्यांना वाटलं फाइल बिघडली. बिघडली नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जगभरची पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, मूळ संचात १२८ जागा, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. हे मी छापील कागदावर दाखवलं आणि मग सगळ्यांनी मिळून एका परिच्छेदातली कुठली खूण कुठलं अक्षर ते शोधलं. पहिला पूर्ण झालेला शब्द 'माझ्या' होता. पुढच्या महिन्याचा प्रश्न तिथेच ठरला: आपल्या घरातलं कोणतं लिखाण आज कोणालाच उघडता येत नाही? मला त्या दिवशी जिन्यातले ते गृहस्थ फार आठवले.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. खुर्च्या गोलात, आणि जितके येतील असं वाटतं त्याहून दोन कमीच मांडा. लागल्या तर आणता येतात, रिकाम्या खुर्च्या मात्र खोलीचा उत्साह खातात. बारा ते अठरा माणसं उत्तम. वीसच्या वर गेलात तर दोन गोल करा. नव्वद मिनिटं पुरे. वेळेवर सुरू करा, दोनच माणसं आली असली तरी, आणि वेळेवर थांबवा, चर्चा रंगली असली तरी. पुढच्या वेळी लोक त्या भरवशावर येतात. ऐकू कमी येणाऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड दिसेल अशी जागा द्या. जिना चढू न शकणाऱ्याचा विचार जागा ठरवताना करा, तो आल्यावर नव्हे. दिवस पक्का ठेवा. तारीख दर महिन्याला हलली की माणसं गळतात. सूचनेत 'परिसंवाद', 'विचारमंथन' असले शब्द नकोत. प्रश्न लिहा, वस्तू काय असेल ते लिहा, आणि 'नुसतं ऐकायला आलात तरी चालेल' हे वाक्य लिहा. खिडकीशी बसणाऱ्या बाई त्या वाक्यामुळे आल्या होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

संख्येची चिंता पहिलं वर्षभर करू नका. आमच्या तिसऱ्या संध्याकाळी चार जण होते, त्यातले दोन घरचे. रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली घर आणि कामाची जागा सोडून तिसऱ्या जागेची कल्पना मांडली. अशा जागेला तिचा स्वभाव मिळतो तो नेहमी येणाऱ्या माणसांमुळे, हे त्याचं निरीक्षण मला शब्दशः खरं वाटतं. पाच-सहा नियमित माणसं जमेपर्यंत तुम्ही संध्याकाळ भरवत असता. ती जमली की नवीन आलेल्याला खुर्ची ते देतात, नियम ते सांगतात, बडबड्याला तेच आवरतात.

आणि तसं झालं की यजमानपद सोडायला शिका. मला ते जड गेलं. पाचव्या वर्षापासून आम्ही दर महिन्याला यजमान बदलतो. एक वही आहे. मागच्या यजमानाने पुढच्यासाठी त्यात पानभर लिहायचं: प्रश्न काय होता, वस्तू कोणती, कुठे अडलं, कोण बोललं नाही. शेवटचा रकाना मी आग्रहाने ठेवला आहे. मागच्या महिन्यात वही खिडकीजवळच्या बाईंकडे होती. त्यांनी टेबलावर एक रिकामं वाचक कार्ड ठेवलं, गोलावरून नजर फिरवली, आणि प्रश्न विचारून झाल्यावर बराच वेळ काहीही न बोलता बसून राहिल्या.